बारा पाऊणे नऊ

माझं गाव जत तालुक्यात असल्यामुळे बुडून मरण्याची भीती आमच्या घराण्यात आजवर कुणालाच नव्हती. आमच्याकडे पाणी टँकरनं येतं, आणि टँकरमध्ये बुडायचं तर आधी वर चढावं लागतं. एवढी दगदग कोण करणार! अशा घराण्यात जन्मून मी बेचाळिसाव्या वर्षी ट्रायथलॉनच्या नादाला लागलो. (ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग ओल्या अंगानं सायकल मारायची आणि शेवटी पाय शिल्लक असतील तर त्यांच्यावर धावायचं. हे सगळं आपण आपल्या मर्जीनं करायचं असतं, कुणी जबरदस्ती करत नाही.)

मी विरारच्या एका शाळेत गणित शिकवतो. राहतो फुलपाड्यात. बायको दर्शना बँकेत आहे, आणि ती वसईच्या पाचूबंदरची, कोळ्याच्या घरातली. लग्न ठरलं तेव्हा मी मोठ्या अपेक्षेनं तिला विचारलं होतं, ‘‘तुम्ही समुद्राची माणसं, मी हा दुष्काळी. माझ्यात नेमकं काय आवडलं तुला?’’

मला वाटलं, डोळे म्हणेल. निदान स्वभाव तरी.

‘‘गाव,’’ ती म्हणाली.

ती बारा वर्षांची असताना तिच्या बाबांच्या बोटीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं होतं. दोन रात्री आणि दोन दिवस ती आईबरोबर जेट्टीच्या टोकाला उभी होती. तिसऱ्या दिवशी बाबा धडधाकट परत आले, जेवले आणि झोपले. पण दर्शनानं तेव्हाच ठरवून टाकलं की नवरा करीन तर असा, की ज्याची वाट बघायला जेट्टीवर यावं लागणार नाही. माझ्या स्थळावर ‘जत’ हा शब्द वाचल्याबरोबर तिनं होकार दिला होता, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

आणि अशा बाईला मी एका संध्याकाळी सांगितलं की, जानेवारीत शर्यत आहे आणि त्यात साडेसातशे मीटर समुद्रात पोहायचं आहे!

तोवर तिनं पुष्कळ सोसलं होतं. पहाटे चारचा गजर सोसला. झोपायच्या खोलीत, कपाट आणि पलंगाच्या मध्ये उभी असलेली सायकल सोसली. (तिच्या बाजूला कपाट होतं. साडी काढायची म्हणजे तिला आधी सायकल ओलांडावी लागे.) रात्री नऊला माझे डोळे मिटत. लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही हॉटेलात गेलो, तर सूप येईपर्यंत मी बसल्या जागी घोरायला लागलो होतो आणि वेटरनं तिला हळूच विचारलं होतं, ‘‘मॅडम, सरांचं पार्सल करू का?’’ तिच्या मावसबहिणीच्या हळदीला मी गुडघ्यापर्यंतचे घट्ट काळे मोजे घालून गेलो. तेही तिनं सोसलं. पण समुद्र म्हटल्यावर तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं.

‘‘एक अट,’’ ती म्हणाली. ‘‘समुद्रात पाय घालायच्या आधी मला सांगायचं. फोनवर नाही, मेसेज नाही. समोर उभं राहून, तोंडावर.’’

‘‘आणि तू नको म्हणालीस तर?’’

‘‘तर नको.’’

मी शब्द दिला. गणिताचा माणूस शब्द देतो तेव्हा त्यातली पळवाट त्यानं आधीच शोधून ठेवलेली असते, हे तिला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

दिवाळीत भाऊबीजेला आम्ही पाचूबंदरला गेलो. भावाला ओवाळून झालं, जेवणं झाली, गप्पा झाल्या आणि मुक्काम ठरला. माझ्या पिशवीत अनारशांच्या डब्याखाली पोहण्याचा सूट, चष्मा आणि नारंगी रंगाचा फुगा होता. हा फुगा दोरीनं कमरेला बांधायचा असतो. तो आपल्यामागे तरंगत राहतो, म्हणजे बोटींना आपण दिसतो आणि दमलो तर त्याला मिठी मारता येते. (मी तरणतलावातही त्याला मिठी मारत असे.)

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला मला जाग आली. समुद्राचा आवाज येत होता, तो मला बोलावतोय असं वाटलं, आणि तिथंच सगळा घात झाला. आता फक्त भरतीची वेळ काढायची होती. भरती असेल तर पाणी जमिनीकडे येतं, ओहोटीला ते आत ओढून नेतं, एवढं ज्ञान मी मिळवलं होतं. वेळ काढायची युक्ती मला सासऱ्यांनीच शिकवली होती. चाळीस वर्षं बोट चालवलेला माणूस! मी मोबाइलवर भरतीचं कोष्टक शोधत होतो, तर ते म्हणाले होते, ‘‘मोबाइल कशाला हवा, मास्तर? आकडा घ्यायचा, पाऊणपट करायचा. आठ पाऊणे सहा. सहाला भरती. झालं!’’

मी हरखून गेलो होतो. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असलेली माणसं आता राहिलीत कुठं? माझ्या वर्गातल्या मुलांना तर पाऊण म्हणजे पावसाचं काहीतरी वाटतं.

तर त्या पहाटे मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. ठळक आकडा होता बारा. बारा पाऊणे नऊ. म्हणजे भरती नऊपर्यंत! पावणेसातला उतरलो तर सगळा वेळ पाणी मला जमिनीकडेच ढकलणार. फार तर काय होईल, समुद्र स्वतः मला उचलून सासऱ्यांच्या दारात आणून ठेवील.

राहिली अट. दर्शना आतल्या खोलीत वहिनीशेजारी गाढ झोपली होती. मी दारात उभा राहिलो. समोर. तिचं तोंड माझ्याकडेच होतं.

‘‘दर्शना,’’ मी कुजबुजलो, ‘‘मी पाण्यात उतरतोय हं.’’

‘‘हं,’’ ती झोपेत म्हणाली आणि कुशीवर वळली.

सांगून झालं! तोंडावर सांगितलं आणि होकारही मिळाला. मी चपला हातात घेऊन मागच्या दारानं सटकलो.

किनाऱ्यावर सुकत टाकलेल्या बोंबलांच्या काठ्या होत्या, दोन कुत्री होती आणि मी होतो. वाळूवर ओल्या चिखलाची ही एवढी रुंद पट्टी पसरलेली होती. ती बघून कोळ्याच्या दुधपित्या पोरानंसुद्धा सांगितलं असतं की पाणी उतरतंय. मी घड्याळाचं बटण दाबत होतो.

आणि काय सांगू, काय पोहलो मी! हात मारला की सर्रकन पुढं. हात मारला की सर्रकन पुढं. तरणतलावात शंभर मीटरला मला अडीच मिनिटं लागतात आणि शेजारच्या पट्ट्यातल्या आजी मला मागं टाकून जातात. इथं पहिले शंभर मीटर दीड मिनिटात! पुढचे त्याहून लवकर! मनगटावरचं घड्याळ थरथरून माझं अभिनंदन करायला लागलं. सहा महिन्यांच्या मेहनतीचं फळ, मी स्वतःला म्हणालो. चारशे मीटरला तर मनात शर्यतीनंतरच्या सत्काराचं भाषणही तयार झालं होतं. त्यात मी बायकोचे आभार मानले होते.

मग मी परत फिरलो.

वीस हात मारले. किनाऱ्यावरच्या वसई किल्ल्याची भिंत होती तिथंच. आणखी पन्नास मारले. भिंत लहान झाली! मी थांबून चष्मा पुसला. मी थांबलो होतो, पण किनारा थांबला नव्हता, तो शांतपणे मागे मागे चालला होता. पायाखाली जमीन लागते का बघितलं तर पायाला फक्त गार पाणी लागलं आणि ते गार पाणी चाललं होतं. वाहत होतं, नदीसारखं, बाहेर, खोल समुद्राकडे, आणि मला बरोबर घेऊन!

तेव्हा मला जी भीती वाटली ती मी अजून कुणाला नीट सांगितलेली नाही. पोटात गोळा येतो म्हणतात, तसं नाही. पोटच नाहीसं झालं. मी ओरडलो, तर खारं पाणी तोंडात गेलं. मी फुग्याला मिठी मारली आणि देवाला हाक मारायला गेलो, तर आमचं कुलदैवत माळरानावरचं! त्याला पोहता येत असेल का, ही शंका मला त्या परिस्थितीत आली. मग एकच विचार उरला. दर्शना आता उठेल, चहा ठेवील आणि विचारील, ‘‘हा कुठंय?’’ मला बुडण्याची भीती वाटत होतीच, पण त्या प्रश्नाची जास्त वाटत होती.

किती वेळ गेला कोण जाणे. अचानक माझा फुगा माझ्या मिठीतून निसटला आणि कमरेच्या दोरीला असा हिसका बसला की मी उलटा झालो. कमरेकडून ओढला जात होतो. शार्क! वसईच्या खाडीत शार्क नसतो हे मला माहीत होतं, पण मला भरतीची वेळही माहीत होती.

‘‘कुनाचा रं हा बोया?’’ वरून आवाज आला. ‘‘आपल्या डोलीच्या अंगावर जाला कुनी टाकलाय?’’

‘‘ओढ, ओढ! कापून टाकू सालं!’’

डोल म्हणजे समुद्रात खाली रोवून ठेवलेलं मोठं जाळं, आणि बोया म्हणजे जाळं कुठं आहे ते कळावं म्हणून बांधलेला तरंगता फुगा. माझा नारंगी फुगा बघून त्या होडीतल्या दोघांना वाटलं होतं की त्यांच्या हक्काच्या जागेवर कुणीतरी चोरून जाळं लावलं आहे. आकडीच्या काठीनं त्यांनी फुगा पकडला आणि ते मोठ्या त्वेषानं जाळं ओढायला लागले.

‘‘जड हाय रं!’’

‘‘म्हावरा भरलाय वाटतं!’’

मी पाण्याबाहेर आलो तो कंबर पुढं, डोकं मागं अशा थाटात. काळा चकचकीत सूट, डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर पिवळी टोपी. दोघं एकदम मागं सरकले आणि होडी हलली.

‘‘काका,’’ मी खोकत म्हणालो, ‘‘मी... मी जाळं नाही!’’

त्यातले थोरले, नारायणकाका, पुढं वाकले आणि त्यांनी माझा चष्मा वर सरकवला. मग म्हणाले, ‘‘आरं, हा तं धर्माचा जावय!’’

त्यांनी मला आत घेतलं, निळ्या ताडपत्रीत गुंडाळलं आणि मासळीच्या टोपल्यांमध्ये बसवलं. माझे दात वाजत होते. मी हात जोडून म्हणालो, ‘‘काका, आता मला किनाऱ्यावर सोडा.’’

‘‘आता? आता कसा सोरू?’’ नारायणकाका शांतपणे विडी पेटवत म्हणाले. ‘‘डोल खाली हाय. पानी जोरात चाललाय. पानी थांबला की जाला वर येनार. जाला घेतल्याबिगर बोट जानार नाय.’’

‘‘पाणी कधी थांबेल?’’

‘‘सव्वाआठला.’’

‘‘मग लगेच जाऊ?’’

‘‘लगेच कसा? तवा जेट्टीला चिखल आसल. पानी भरल तवा जानार. धा, साडेधा.’’

तीन तास! मी म्हणालो, ‘‘निदान फोन तरी...’’ आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली. पण नारायणकाकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून मोबाइल काढून लावलाही होता, आणि वाऱ्याच्या आवाजात ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला होता.

‘‘धर्मा, तुजा जावय आमच्या बोटीत हाय.’’

‘‘कंचा जावय?’’ सासऱ्यांचा आवाज.

‘‘तुला किती हायत?’’

‘‘येकच.’’

‘‘त्योच.’’

पलीकडे गडबड झाली. भांडं पडलं. मग दर्शनाचा आवाज आला. ‘‘काका, जिवंत आहे?’’

‘‘जिवंत हाय. वकतोय.’’ (होडी डोलायला लागल्यापासून मी भाऊबीजेचे अनारसे एकेक करून समुद्राला परत करत होतो.)

मी जोर करून म्हणालो, ‘‘दर्शना, मी तुला सांगितलं होतं! तू हं म्हणालीस!’’

फोन बंद झाला.

शिव्या आल्या असत्या तर मला धीर आला असता. पुढचे तीन तास मी ताडपत्रीत बसून त्या बंद फोनकडे बघत होतो. पाणी थांबलं, जाळं वर आलं, जवळा आणि मांदेली माझ्या पायांवर ओतली गेली. एक बोंबील माझ्या सूटच्या गळ्यातून आत शिरला. मी हललो नाही. एवढं मोठं संकट समोर असताना बोंबलाची काय पत्रास!

साडेदहाला होडी जेट्टीला लागली. बातमी माझ्याआधी पोचली होती. लिलावाला बसलेल्या बायकांनी टोपल्या सोडून गर्दी केली.

‘‘आयला गो, आयला! जावय आयला जाल्यान!’’

‘‘ताजा हाय का बर्फातला?’’

‘‘फुकट दिला तरी नको. काटंच जास्त!’’

सासरे पुढं झाले. त्यांनी मला हात देऊन वर घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, तो वर्गात मी फळ्याजवळ उभ्या केलेल्या मुलाला विचारतो तसा.

‘‘मास्तर, आकडा काय काढलात?’’

‘‘बारा पाऊणे नऊ,’’ मी पुटपुटलो. ‘‘नऊला भरती.’’

‘‘बारा कुटून आनलात?’’

‘‘कॅलेंडरवरून. आज बारा तारीख.’’

सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. ‘‘तारीख नाय हो, तिथी! तिथीला पाऊणपट करायची! समुद्र काय इंग्रजी तारखेवर चालतो? काल काय केलात घरात?’’

‘‘भाऊबीज.’’

‘‘बीज! म्हंजे किती?’’

‘‘दोन.’’

‘‘मग आज?’’

‘‘तीन,’’ मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

‘‘तीन पाऊणे सव्वादोन! भरती रातच्या सव्वादोनला झाली. तुमी उतरलात तवा पानी धावत बाहेर चाललावता. ओवाळनी बघितलात, करंज्या खाल्लात, आनि बीज कंदी झाली ते ठावं नाय!’’

सगळी जेट्टी हसली. मीही हसायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यात गर्दीच्या पलीकडे, जेट्टीच्या अगदी टोकाला मला दर्शना दिसली. ती हसत नव्हती. ती फोन बंद करून तडक जेट्टीवर आली होती आणि तेव्हापासून तिथंच उभी होती, हे मला वहिनीनं नंतर सांगितलं. मी जिवंत आहे हे फोनवर कळलं होतं, तरीसुद्धा उभी होती. चहा घेतला नव्हता, बसली नव्हती. पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. ताडपत्रीतून पाणी ठिबकत होतं.

‘‘झोपलेल्या माणसाला सांगून आलास,’’ ती म्हणाली. ‘‘मला जाग आली, तुझी जागा रिकामी, पिशवी रिकामी. तुला माहीत आहे, इथं उभं राहिलं की काय होतं? प्रत्येक होडी आपली वाटते. आणि ती जवळ आली की आपली नसते. मी परत बारा वर्षांची झाले होते.’’

मला खूप लाज वाटली. तिथं मला विनोद सुचला नाही, पळवाटही सुचली नाही. ‘‘चुकलो,’’ मी म्हणालो. ‘‘शर्यत सोडली. नाव काढून घेतो आजच.’’

‘‘काढायचं नाही,’’ ती म्हणाली. तिनं डोळे पुसले, आणि मला तिच्या चेहऱ्यावर सासऱ्यांचा चेहरा दिसला. ‘‘जोडीनं पण भाग घेता येतो ना? पोहणारा एक, पुढचं दुसरा? मग पाण्यात मी उतरणार. माझा जन्म इथं गेलाय. तू किनाऱ्यावर उभा राहा. कळू दे एकदा.’’

जानेवारीत आम्ही शर्यतीला गेलो. नियम सोपा होता. पोहणाऱ्यानं पाण्यातून बाहेर यायचं, धावत सायकलींच्या तळावर जायचं, घोट्याला बांधलेला पट्टा जोडीदाराला द्यायचा आणि मग जोडीदारानं सायकलवर सुटायचं. मी सायकलजवळ हेल्मेट घालून तयार राहायचं, एवढंच माझं काम. शिट्टी झाली आणि दीडशे माणसं एकसारख्या लाल टोप्या घालून एकदम समुद्रात शिरली. त्यातली एक लाल टोपी माझी होती आणि दोन मिनिटांत कुठली ते कळेनासं झालं!

मी सायकल सोडली आणि वाळूवर पळालो. एक टोपी मागं पडल्यासारखी दिसली, ती तिची वाटली. एक दिसेनाशी झाली, ती तर नक्कीच तिची वाटली. प्रत्येक बाहेर येणाऱ्या बाईकडे मी धावत गेलो आणि माफी मागून परत आलो. शेजारच्या स्वयंसेवकाला मी तीनदा विचारलं, ‘‘सगळे आले का?’’ पाण्यात आता चारपाच टोप्या उरल्या होत्या. मग दोन. मग एक. ती टोपी हळूहळू किनाऱ्याला आली आणि तिच्याखालून मिशीवाले एक गृहस्थ निघाले. मागं नुसतं पाणी. मी मोठ्यानं रडायला लागलो.

‘‘सर,’’ स्वयंसेवक माझ्या छातीवरचा नंबर बघून म्हणाला, ‘‘एकशे सात तुम्हीच ना? माइकवर कधीपासून तुमचं नाव पुकारतायत. तुमच्या मिसेस तिकडं आहेत.’’

दर्शना चौदाव्या मिनिटाला बाहेर आली होती. बायकांमध्ये तिसरी! गर्दीतून धावत ती माझ्या पाठीमागून गेली, मी समुद्राकडे बघत होतो. आणि तेव्हापासून पुढची बावीस मिनिटं ती ओल्या अंगानं, हातात पट्टा घेऊन, माझ्या सायकलशेजारी उभी होती. म्हणजे समुद्रात पायाचा अंगठाही न बुडवता मी बायकोला पुन्हा माझी वाट बघायला लावलीच!